झाडावर चढण्याची विद्या

लोणारच्या सरोवराचे नाव ऐकले नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्याच्या उतारांवर साग, कडुनिंब, चिंच, बाभूळ इत्यादी वृक्षांचे रान आहे. २००० साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० साली रामसर स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. विवराच्या एका अंगाला लोणार गाव आहे व तेथेही रस्त्यांच्या कडेला, देवळांच्या आवारांत झाडे आहेतच. परंतु रानातील झाड आणि गावातील झाड यांचे नशीब एकसारखे नसते.

रानातील झाडाला माळी लागत नाही. तेथे वाळलेली फांदी आपोआप गळून पडते आणि पडली तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही. वठलेल्या खोडाच्या ढोलीत घुबडे व पोपट घर करतात. म्हणून रानात माणसाने शक्य तितका हात आखडता घ्यावा, हेच श्रेयस्कर. परदेशातून आलेल्या वेडी बाभळीने देशी झाडांची जागा बळकावल्यामुळे ती काढण्याचे काम विवरात हाती घ्यावे लागले. पण तो अपवाद होय. गावातील झाडाची गोष्ट निराळी. त्याच्या फांदीखालून शाळेची वाट जाते, तेथे भाजीवाली बसते, वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. तेथे फांदीची काळजी घेणे हे माणसाचे कर्तव्य ठरते. प्रश्न एवढाच की, ते कोणी आणि कसे पार पाडावे?

आज बहुतेक ठिकाणी हे काम कसे होते? मृगाच्या तोंडावर तारांना फांद्या लागू लागल्या की, मजुरीच्या शोधात असलेला एखादा माणूस बोलावला जातो. तो कमरेला कुऱ्हाड खोचून अनवाणी शेंड्यापर्यंत जातो आणि खालून सांगतील तेथे घाव घालतो. त्याला ना दोराचा आधार, ना डोक्यावर शिरस्त्राण. त्याचा पाय निसटला, तर एका घराचा आधार नाहीसा होतो. बरे, एवढे करून झाडाचे तरी कल्याण होते काय? शेंडा छाटलेल्या कडुनिंबाला थोड्याच दिवसांत फुटव्यांचे झुबके येतात आणि लोक समाधानाने म्हणतात, ‘झाड पुन्हा फुटले!’ परंतु ते फुटवे सालीलगतच्या थरातून निघालेले असतात. त्यांचा सांधा कच्चा असतो व पुढे वादळात तेच आधी मोडतात. धोका टाळण्यासाठी केलेली छाटणी अशा रीतीने नवा धोका निर्माण करते.

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्यातील कुजण्याचा अभ्यास केला. झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड जखमेभोवती जणू भिंती उभारून कूज आतल्या आत कोंडते, असा सिद्धान्त त्यांनी १९७७ साली मांडला. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे एक फुगीर कडे असते. ते कापले गेले, तर कुजीला थेट खोडाचे दार उघडे होते; लांब खुंट ठेवला, तर तो वाळून कुजतो व जखम झाकली जात नाही. म्हणून फांदी कड्याच्या अगदी बाहेरून कापावी. फांदी जड असल्यास आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी कापावी, मग जरा पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी उरलेला खुंट काढावा. हा क्रम चुकल्यास कोसळणारी फांदी खोडाची साल ओरबाडून नेते.

चढण्याचीही अशीच रीत आहे. परदेशांत ज्याला आर्बोरिस्ट म्हणतात, तो वृक्षतज्ज्ञ प्रथम जमिनीवरून झाड निरखतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहेत काय, कोठे पोकळी आहे काय, तारा किती जवळ आहेत, हे तो पाहतो. तारांतील प्रवाह बंद झाल्यावाचून तो त्यांच्या जवळपास करवत चालवीत नाही. मग खोडालगतच्या भक्कम बेचक्यातून दोर टाकून तो कमरेच्या व मांड्यांच्या पट्ट्यांवर आपला भार घेतो. जिवंत झाडावर तो खिळ्यांचे जोडे घालून चढत नाही, कारण प्रत्येक खिळा ही एक जखमच होय. खाली त्याचा सोबती वाटसरूंना दूर ठेवतो आणि कापलेली फांदी दोराने हळूहळू खाली घेतो.

यावर कोणी म्हणेल, ‘आमचे पूर्वज दोराविनाच चढत होते. हा नसता खर्च कशाला?’ पूर्वज चढत होते हे खरे. पण त्यांच्यापैकी पडले किती, याची नोंद कोणी ठेवली? शिवाय, चिंचा झोडपणारे, मोहोळ उतरवणारे, शेळ्यांसाठी पाला काढणारे जे हात आजही गावोगाव आहेत, त्यांचे कौशल्य टाकून द्यावे असे कोणीच म्हणत नाही. त्या कौशल्याला शास्त्राची व साधनांची जोड हवी, इतकेच. केरळात नारळावर चढणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला व स्त्रियाही ते काम शिकल्या. जे नारळासाठी झाले, ते वड, चिंच आणि कडुनिंबासाठी का होऊ नये? दोर आणि पट्टा यांचा खर्च एका प्राणाच्या मोलापुढे काहीच नाही.

आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या झाडांची तोड करू नये, अशी ताकीद आहे. नागरी भागांतील वृक्षांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला व २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षांचा मान मिळाला. पण झाड तोडावे की नाही, हे कायदा ठरवू शकतो. फांदी कशी कापावी, हे हातालाच कळावे लागते. म्हणून नगरपरिषदांनी हे काम शिकलेल्या माणसांकडूनच करवून घ्यावे, त्यांना योग्य वेतन व विमा द्यावा आणि हा व्यवसाय शिकण्याची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावी.

सूरपारंब्या खेळणाऱ्या मुलाला आपण ‘वानर’ म्हणून हिणवतो. त्याच्या अंगचा तोल, पकड आणि धैर्य हे गुणच आहेत. त्यांना शिस्त व ज्ञान लाभले, तर त्यांतून एक उपयुक्त कारागीर घडेल. झाडे लावण्याचे समारंभ दरवर्षी होतात आणि ते व्हावेत. परंतु लावलेले झाड शंभर वर्षे जगायचे असेल, तर त्याच्यावर समजून चढणारा माणूस समाजाला हवा आणि तो सुखरूप खाली उतरेल, याची काळजी समाजानेच वाहिली पाहिजे.