लसीकरण आणि चातुर्मास

चातुर्मास जवळ आला, की घरोघरी तपाचे संकल्प सुरू होतात. 2021 च्या या वर्षी त्यांत कोरोनाच्या लसीविषयीच्या शंकांचीही भर पडली आहे. सर्वांत अधिक विचारली जाते ती ‘कोव्हॅक्सिन’मध्ये वासराचे सीरम आहे काय, ही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये दिलेल्या खुलाशानुसार, ज्या व्हेरो पेशींत विषाणू वाढवतात, त्या पेशींच्या वाढीसाठी नवजात वासराचे सीरम वापरले जाते. पुढे पेशी धुतल्या जातात आणि तयार लसीत ते मुळीच नसते. अहिंसाव्रती श्रावकाचे एवढ्याने समाधान होईलच असे नाही, कारण त्याची शंका कुपीपाशी थांबत नाही, निर्मितीपर्यंत जाते. ती प्रामाणिक आहे. लसीतच सीरम असल्याची अफवा मात्र तशी नाही.

लस उपाशीपोटी घ्यावी लागत नाही. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो आणि चौविहार पाळणाऱ्याला रात्री गोळीही घेता येत नाही. म्हणून अठ्ठाईच्या मध्येच लस घेण्यापेक्षा पच्चक्खाणापूर्वी किंवा पारण्यानंतर घेणे इष्ट.

साधु-साध्वींजवळ आधारपत्र नसते. अशांसाठी शासनाने एप्रिलमध्येच वेगळी कार्यपद्धती घालून दिली असून, प्रशासनाने नेमलेल्या साहाय्यकामार्फत नोंदणी होते. संघाने जिल्हा प्रशासनाकडे अर्ज तेवढा करावा. ‘कोविशील्ड’च्या दोन मात्रांत 12 ते 16 आठवड्यांचे अंतर असते. चातुर्मासाच्या आरंभीच पहिली मात्रा दिली, तर विहारापूर्वी त्याच गावी दुसरीही होते.