सीनायचं रान

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. नात्यातला एक कॉलेजातला मुलगा विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर पवित्र शास्त्रातली ठिकाणं बघायला जाऊ म्हणतोय. कैरो, सुएझ, सीनाय पर्वत, मग जॉर्डनमध्ये नबो डोंगर आणि यार्देन नदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून त्या भागाचं नाव काढलं की सगळ्यांना काळजी वाटते. ती रास्तच आहे, आणि तो निर्णय त्या-त्या वेळची परिस्थिती बघूनच घ्यावा लागेल. पण मामीचा प्रश्न वेगळा आहे. ती म्हणते, "एवढे पैसे घालून त्या वाळूत बघायचं काय?"

याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत असं, की मुलाने जावं. पण ठिकाणं मोजायला जाऊ नये, वाळवंट बघायला जावं. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. त्यांच्या लेखी वाळवंट म्हणजे दोन ठिकाणांमधला बसचा प्रवास. पडदे ओढायचे आणि झोप काढायची!

मला हे का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात इस्राएल लोक सीनायच्या 'रानात' येतात आणि येशूची परीक्षा 'अरण्यात' होते. आता रत्नागिरीच्या संडेस्कूलमध्ये बसलेल्या पोराला रान म्हटलं की काय दिसणार? करवंदं, काजू, जांभळं, पावसाळ्यात कमरेएवढं गवत. लहानपणी मलाही मोशेच्या मागे हिरवंगार जंगलच दिसायचं. एवढ्या झाडीत ही माणसं उपाशी कशी राहतात, एखादा फणस काढायला काय झालं, असा मला खरोखरचा प्रश्न होता :-)

पुढे विद्यार्थी असताना मी अशाच एका गटातून सीनायला गेलो आणि तो प्रश्न मिटला. रात्री दोन-अडीचला उठून जबल मूसा चढलो. उंची २२८५ मीटर. वर कडाक्याची थंडी होती. सूर्य उगवला आणि चारही बाजूंना नुसता दगड दिसला. तांबूस, तपकिरी, सोलून काढल्यासारखा. वाळूच्या टेकड्या नाहीत आणि झाडही नाही. आमच्यातली लांज्याची एक मुलगी म्हणाली, "अरे, हा तर मे महिन्यातला आपला सडा!" तेवढ्यात खाली एक बाई दहा-बारा शेळ्या हाकत जाताना दिसली. त्या दगडांत शेळ्या काय खात होत्या देव जाणे, पण खात होत्या.

हिब्रूतला मूळ शब्द आहे 'मिदबार'. गुरं-मेंढरं चरायला हाकत न्यायची गावाबाहेरची मोकळी जमीन, असा त्याचा एक अर्थ सांगतात. मोशेला जळतं झुडूप दिसलं तेव्हा तो सासऱ्याची मेंढरंच चारत होता. म्हणजे 'रान' हा शब्द चुकलेला नाहीच! आपणही म्हणतो ना, "गुरं रानात गेली"? चूक होती ती त्या शब्दावर चढलेल्या आमच्या हिरव्या रंगाची. ती दुरुस्ती मला कुठल्याही प्रवचनातून मिळाली नव्हती. ती त्या डोंगरावर मिळाली, आणि अर्ध्या तासात "चला, बस सुटेल" म्हणून आम्हाला खाली उतरवलं.

या वाटेने आपल्याकडचा एक विद्यार्थी फार पूर्वी गेला होता. ज्यांच्या नावाने मुंबईचं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये इकडे आले आणि मराठी शिकायला आपल्या जिल्ह्यातल्या हर्णैला राहिले. १८४३ मध्ये ते इजिप्त, सीनाय आणि पेट्रामार्गे पॅलेस्टाईनला गेले. त्या प्रवासावर त्यांनी दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, ते १८४७ मध्ये निघालं. सोबत होते धनजीभाई नौरोजी, विशीतला पारशी तरुण. १८३९ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ उठला होता, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. ते धर्मशास्त्र शिकायला स्कॉटलंडला निघाले होते आणि १८४६ मध्ये त्यांना तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. धनजीभाईंनी वाळवंट पाहिलं ते उंटाच्या चालीने. कित्येक आठवडे! पाणी कुठे मिळेल हे बघून मुक्काम ठरायचा. आपण तोच रस्ता काही तासांत कापतो.

उंटावरून जा असं मी म्हणत नाही. पण एक गंमत बघा. अनुवादाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची आहे. आणि लोकांची गेली चाळीस वर्षं. म्हणजे अंतर हा मुद्दा नव्हताच. गुलामीतून सुटलेली माणसं मोकळी व्हायला एवढा वेळ लागला. मधल्या काळात त्यांना मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवत होते. आमच्या गटात तिसऱ्याच दिवशी माशाचं कालवण आणि भात यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या माणसांना नावं ठेवायचा माझा हक्क संपला.

आता कुणी म्हणेल, देव काय वाळवंटातच भेटतो? मुळीच नाही. येशूने विहिरीवरच्या शोमरोनी बाईला सांगितलंच आहे की खरी उपासना ना या डोंगराला बांधलेली आहे, ना यरुशलेमेला. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीनेही यात्रेकरूंना बजावलं होतं की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच पंधरा ठिकाणांचे पंधरा फोटो काढून आणलेल्या मुलाची श्रद्धा वाढली असं मी मानणार नाही. पण वाचलेला शब्द डोळ्यांनी बघितला की वाचन बदलतं. विद्यार्थ्यासाठी ते थोडं नाही.

वडीलधारे म्हणतात, पुन्हा कोण जाणार, एकदाच काय ते सगळं बघून घ्यावं. पैसे आपल्या खिशातले असतात, तेव्हा हे म्हणणं मला समजतं. तरीही गट नेणाऱ्यांकडे माझी मागणी आहे की चार ठिकाणं गाळा आणि सीनायच्या पायथ्याशी दोन रात्री जास्त द्या. एक अख्खा दिवस गाईड, गाणी, भाषणं काही नको. सहाव्या शतकात बांधलेला संत कॅथरिनचा मठ तिथे आहे, तो घाई न करता बघू द्या. त्या ख्रिस्ती मठाची पिढ्यानपिढ्या सेवा करणारे जबलिया बेदूइन मुसलमान आहेत. त्यांच्याबरोबर मुलांना चहा पिऊ द्या. त्या जमिनीवर आजही माणसं राहतात, ती काही केवळ आपल्या धड्यांतली चित्रं नाहीत, हे कळायलाही वेळ लागतो.

आणि ज्यांना जाणं परवडणार नाही, आणि ते आपल्यात जास्तच आहेत, त्यांच्या मुलांना पाळकांनी मे महिन्यात आपल्या सड्यावर न्यावं. पहाटे निघावं, ऊन चढायच्या आत परतावं. पायाखाली जांभा, वर आकाश, सावली नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, इस्राएलमधल्या बैर-शेब्यात जेमतेम दोनशे. तरी आपल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. सड्यावरून उतरताना अशाच एखाद्या वाडीत थांबावं आणि उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय वाचावा. इसहाकाची माणसं विहीर खणतात, शेजारचे गुराखी पाण्यावरून भांडतात, मग दुसरी विहीर, पुन्हा भांडण. तिसरीवर कुणी भांडत नाही. हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांना तो अध्याय समजावून सांगावा लागणार नाही. उलट त्यांनाच विचारावं, तिसऱ्या विहिरीवर कुणी का भांडलं नसेल?