पॅरिसमध्ये दाद कोणाची लागली?

१७ सप्टेंबरला तीर्थपुरीपासून देगलूरपर्यंत झेंडावंदने झाली. भाषणांत यंदाही रझाकार, सरदार पटेल आणि पोलीस कारवाई एवढ्यावरच मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम आटोपला. पॅरिसचा उल्लेख त्यात असायलाच हवा, हे या स्तंभाचे जुने म्हणणे आहे.

ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला, भारतीय फौजा मराठवाड्यात शिरलेल्या असताना, ती पॅरिसमध्ये सुनावणीला आली. हैदराबादकडून मोईन नवाज जंग बोलले, भारताकडून रामस्वामी मुदलियार. वाद होता तो हैदराबाद हे स्वतंत्र राज्य ठरते की नाही, याचा. करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळणारे, शिंदीची झाडे तोडणारे, वेठीला जुंपलेले लोक त्या दालनात नव्हतेच. त्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते.

लढलेल्यांना वगळून इतरांनीच हिशेब ठरवला, असे पूर्वी कुठे झाले होते? हैतीत.

फ्रान्सच्या त्या ऊसमळ्यांच्या वसाहतीत १७९१मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. त्याआधी, १७९९मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन या दोघांनीही त्यांचा सेनानी तूसाँ लुव्हेर्त्यूर याच्याशी व्यापाराचे करार केले होते. फ्रान्सशी वैर असल्याने तो दोघांनाही सोयीचा होता. गरज सरली आणि १८०६मध्ये अमेरिकेने व्यापार तोडला. दक्षिणेतल्या गुलाममालकांचे प्रतिनिधी संसदेतून बाहेर पडल्यावर, म्हणजे थेट १८६२मध्ये, तिने हैतीला मान्यता दिली. फ्रान्सने ती १८२५मध्ये दिली, पण युद्धनौकांचा ताफा पाठवून आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई मागून. ही भरपाई मळेवाल्यांची. माणसांवरची त्यांची मालकी गेली, तिचेही मोल त्यात धरलेले. पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसमध्येच ३ कोटींचे कर्ज काढले. हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यातून वाढलेल्या कर्जांचा फेरा १९४७पर्यंत सुटला नाही. ज्यांनी बेड्या तोडल्या, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी बेड्यांची किंमत भरली.

मराठवाड्यातला शेतकरी विकला जाणारा गुलाम नव्हता आणि त्याच्या पाठीशी भारत उभा होता. हैतीला असा शेजारी मिळाला नाही. हा फरक मोठाच. तरीही २९ नोव्हेंबर १९४७चा ‘जैसे थे’ करार भारताने निजामाशी केला, रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसशी नाही. १९४९मध्ये जहागिऱ्या गेल्या तेव्हा भरपाई जहागीरदारांना ठरली. निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. वेठ राबलेल्यांच्या मजुरीचा हिशेब कोणी मांडला?

त्याच १९४८च्या डिसेंबरात, पॅरिसमध्येच, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा आमसभेपुढे मांडला तो हैतीच्या एमिल सँ-लो यांनी. गुलामगिरीला मनाई करणारे कलम त्यात आहे. मुक्तिदिनाच्या भाषणात सँ-लो यांचे नाव यायला हवे.

आणि लंडनच्या बँकेतले हैदराबादचे पैसे? सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबादच्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांकडे वळवलेले १० लाख पौंड वाढून सुमारे साडेतीन कोटी झाले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथल्या न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. हैदराबादचा खजिना लोकांच्या शेतसाऱ्यावर आणि करोडगिरीवर भरत होता. म्हणून भारताच्या वाट्यातून निदान अंबड, परतूर, भोकरदनच्या गावोगावची वेठीची आणि सत्याग्रहाची कागदपत्रे गोळा करून जालन्यात जपावीत.