ऊन आणि धूर : दोन धडे वेगळे का शिकवायचे?



आधी एक कबुली देतो. आमच्या शाळेत मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळा जाळला जायचा. त्यात वेफर्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या बाटल्याही असायच्या. पलीकडे भर उन्हात मुलांची कवायत चालू. मी विज्ञान शिकवणारा माणूस, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘प्रकाश’ हा आपल्याकडे एक धडा, ‘प्रदूषण’ दुसरा, ‘आनुवंशिकता’ तिसरा. मुलाची त्वचा मात्र एकच!

त्या त्वचेत काय घडतं ते पाहू. सूर्याचे दोन प्रकारचे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात : यूव्हीबी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) आणि यूव्हीए (३१५ ते ४०० नॅनोमीटर). यूव्हीबी किरण डीएनए थेट शोषून घेतो आणि त्यातले शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. दप्तराच्या चेनचे एकाच बाजूचे दोन दात चिकटावेत, तसं. मग चेन नीट सरकत नाही. यूव्हीए तसा सौम्य. डीएनए तो फारसा शोषत नाही.

पण मध्ये धूर आला की गणित बदलतं. लाकूड, कोळसा, कचरा, डिझेल अर्धवट जळलं की बेंझोपायरीनसारखी द्रव्यं तयार होतात आणि काजळीबरोबर अंगावर बसतात. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. बेंझोपायरीन एकटंही घातक आहेच : पेशीत त्याचं रूपांतर होतं आणि ते डीएनएला चिकटतं. शिवाय ते यूव्हीए शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं. असा चेतलेला ऑक्सिजन डीएनएमधल्या ग्वानिनची मोडतोड करतो. म्हणजे सौम्य किरणाच्या हाती धुराने कोयता दिला! प्रयोगशाळेत मानवी त्वचेच्या पेशींवर दोन्हींचा मारा एकत्र केला, तेव्हा नुकसान प्रत्येकाच्या एकट्याच्या नुकसानापेक्षा जास्त दिसलं.

पेशी दुरुस्ती करत असतात. ही दुरुस्ती कशी होते, हे उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण काम साचलं की चुका राहतात, आणि त्याच पुढच्या पेशींत उतरतात.

घाबरवायचं नाहीये. ऊन शत्रू नाही. ड जीवनसत्त्व त्यातून मिळतं. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन बरंच संरक्षणही करतं. पण ते काजळी अडवत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : शाळेत कचरा जाळणं बंदच व्हावं. कवायत सकाळी लवकर घ्यावी. बंब किंवा चूल पेटवून मूल शाळेला निघत असेल, तर आधी हात-तोंड साबणाने धुवायला लावा. आणि शिक्षकांनो, हे तिन्ही धडे एकदा तरी एकत्र शिकवा.

आमच्या मैदानाच्या त्या कोपऱ्यात आता खतखड्डा आहे. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, आमच्या गल्लीत रोज कचरा जाळतात. त्यांना कोण सांगणार?”

पालकहो, तिला काय उत्तर देऊ?