मोटारीचा चार्जर आणि घराची तार

जुन्या मोटारीचें इंजिन काढून विजेचा संच बसविण्याची चाल आतां आपल्या राज्यांतही आली आहे. अशा संचांची कसोटी पुण्यास एआरएआय संस्थेंत होते. मात्र ‘मोठा चार्जर तोच चांगला’ हा समज घातक आहे. चार्जर बॅटरीच्या जातीचा हवा. शिसें-आम्लाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमच्या बॅटरीस लावूं नये. मग घराची तार पाहावी. ३.३ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टांवर १४ ॲम्पियरांहून अधिक प्रवाह घेतो. परभणीच्या वैशाखांत जुनी बारीक तार तो भार तासन्‌तास कशी सोसणार? १५ किलोवॅट-तासांची बॅटरी तो सुमारें पांच तासांत भरतो. रात्र त्यास पुरेशी आहे, मग याहून उतावीळ कशास? विद्यार्थ्यांनो, ३,३०० भागिले २३० हें गणित वडिलांस आजच करून दाखवा. घर जळल्यावर सुटलेलें गणित कोणाच्या कामीं येणार?