प्रतीकाआधीचा कागद

शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने ती स्वतंत्र पुस्तिका म्हणून पुन्हा काढली आणि त्यानंतर ती जगभरच्या वर्गांत पोचली. आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या आणि स्त्री-अभ्यासाच्या वर्गांत ती वाचली जाते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच फळ्यावर एक समीकरण उमटते : वॉलपेपर म्हणजे पितृसत्ता. उरलेला तास या समीकरणाला पुरावे जोडण्यात जातो आणि परीक्षेत तेच पुरावे त्याच क्रमाने परत येतात. हे समीकरण चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते फार लवकर येते, एवढीच आमची तक्रार आहे. कथेत पितृसत्ता येण्याआधी एक कागद येतो. तो कुणीतरी निवडलेला असतो, कुणीतरी भिंतीला खळ लावून डकवलेला असतो आणि शेवटी एक बाई तो हातांनी सोलून काढते. निवडणे, डकवणे, काढणे या तीन क्रियांवरच कथेचा सांगाडा उभा आहे, आणि नेमक्या त्याच क्रिया आपल्या वाचनातून गळून पडतात.

त्या गळण्याला कारणही आहे. आपल्या घरांच्या भिंतींना कागद नव्हता. माती आणि शेणाने सारवलेली भिंत, चुना आणि निळीचा हात दिलेली भिंत, पुढे डिस्टेंपर आणि ऑइलपेंट हा आपला क्रम. चार महिन्यांचा पाऊस, भिंतीतून झिरपणारी ओल, वाळवी आणि कसर यांच्यापुढे खळीने चिकटवलेला कागद टिकायचा तरी किती? अलीकडे शहरांतल्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या एका भिंतीला विनाइलचा कागद लावण्याची हौस आली आहे, पण तीही त्या एका भिंतीपुरतीच. परिणामी आपल्यापाशी या वस्तूला धड शब्दसुद्धा नाही. ‘भित्तिपत्रक’ म्हणावे तर ते सभेचे पोस्टर होते, किंवा महाविद्यालयाच्या जिन्यापाशी लावलेले, वाङ्मय मंडळाने मराठी भाषा दिनाला समारंभपूर्वक प्रकाशित केलेले, सुवाच्य अक्षरातले हस्तलिखित. ‘वॉलपेपर’ म्हणावे तर आजच्या विद्यार्थ्याच्या मनात मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र उभे राहते, जे बोटाच्या एका स्पर्शाने बदलते. मग कथेतली बाई एका कागदासाठी एवढी का झुरते हा प्रश्न त्याला पडतो, आणि पडला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर म्हणून आपण प्रतीक पुढे करतो. आधी वस्तू पुढे करायला हवी होती.

निवडीपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्राने छापलेला स्वस्त कागद इंग्लंड-अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घरांत सर्रास पोचला होता. इंग्लंडमध्ये १७१२ पासून या कागदावर कर होता, तो १८३६ मध्ये उठला आणि दुकाने नक्षीच्या गुंडाळ्यांनी भरून गेली. कोणती नक्षी चांगली हा तेव्हा सार्वजनिक वादाचा विषय होता. ‘हार्ड टाइम्स’ या १८५४ च्या कादंबरीत शाळा तपासायला आलेला सरकारी गृहस्थ मुलांना विचारतो की खोलीला घोड्यांची चित्रे असलेला कागद लावाल काय. आपण हा प्रसंग उपयुक्ततावादावरची टीका म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण डिकन्सच्या समकालीन वाचकाला त्यात एक ओळखीचा माणूसही दिसत असावा. हेन्री कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५२ मध्ये लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये ‘चुकीच्या’ अलंकरणाचे नमुने मांडून लोकांची अभिरुची सुधारण्याचा घाट घातला होता. त्यांचा सिद्धान्त असा की भिंत सपाट आहे, तेव्हा तिच्यावरची नक्षीही सपाट असावी, तिने खोलीचा आणि उठावाचा आभास निर्माण करू नये. सपाट नक्षीचा आदर्श म्हणून ही मंडळी १८५१ च्या महाप्रदर्शनात आलेल्या हिंदुस्थानी कापडाकडे बोट दाखवत. म्हणजे ज्या वादात आपण परके आहोत असे समजतो, त्यात आपले शेले आणि दुशाले साक्षीदार म्हणून उभे होते!

या वादात घरातल्या बाईचे स्थान मोठे चमत्कारिक होते. चार्ल्स ईस्टलेक यांचे गृहसजावटीवरचे पुस्तक १८६८ मध्ये आले आणि अमेरिकेत अफाट खपले. त्यात स्त्रियांच्या अभिरुचीवर भरपूर ताशेरे आहेत, पण ताशेरे ओढावे लागले यातच हे गृहीत आहे की भिंतीचा कागद, पडदे, गालिचे यांची निवड बाईच करते. मालमत्ता, मतदान, धंदा यांपैकी काहीच हाती नसलेल्या स्त्रीला एवढा एक प्रांत मोकळा होता. काही जणी त्यातून व्यवसायातही शिरल्या. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉरन, फुलर कंपनीने वॉलपेपरच्या नक्षीची स्पर्धा घेतली तेव्हा पहिले बक्षीस कँडेस व्हीलर यांना मिळाले आणि उरलेली बक्षिसेही स्त्रियांनीच पटकावली. स्वतः गिलमन ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकल्या होत्या आणि जाहिरातीची छोटी रंगीत कार्डे रंगवून पैसे मिळवत होत्या.

हे सारे मनाशी ठेवून आता जॉन काय करतो ते पाहावे. उन्हाळ्यापुरते भाड्याने घेतलेले घर, बायकोचे आजारपण आणि नवरा डॉक्टर. तिला खालची, गुलाब असलेली खोली हवी आहे, तो तिला माडीवरच्या मोठ्या खोलीत ठेवतो. कागद बदलून घेऊ असे आधी म्हणतो आणि मग शब्द फिरवतो. आज कागद बदलला तर उद्या पलंग, परवा गजांच्या खिडक्या, तेरवा जिन्याचे फाटक, अशी त्याची तर्कमालिका आहे. शिवाय तीन महिन्यांच्या भाड्यासाठी खर्च कोण करणार! फळ्यावरच्या समीकरणात हा प्रसंग ‘नियंत्रणाचे उदाहरण’ म्हणून एका ओळीत संपतो. आमच्या मते कथेची पहिली खरी जखम इथे आहे. लेखन, माणसांच्या भेटी आणि स्वतःचे मूल तिच्यापासून दूर करताना त्या काळाच्या वैद्यकाचा आधार तरी होता; एस. वेअर मिचेल यांच्या विश्रांती-उपचारातून गिलमन स्वतः गेल्या होत्या, आणि ही कथा का लिहिली ते त्यांनी १९१३ मध्ये आपल्या ‘फोररनर’ मासिकात सांगितले आहे. पण भिंतीचा कागद ठरवणे हे कोणत्याही डॉक्टरने निषिद्ध मानलेले नव्हते. त्या समाजाने बाईला बहाल केलेला तो एवढासा प्रांत होता, आणि जॉन तोही हसत हसत काढून घेतो.

आता डकवण्याकडे वळू. आजच्या युरोपीय मापाची गुंडाळी साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असते. भिंतीसाठी अडीच मीटरचा पट्टा लागत असेल तर साध्या कागदाचे चार पट्टे निघतात. पण नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येणारी असेल, तर शेजारच्या पट्ट्याशी ती जुळवण्यासाठी प्रत्येक पट्टा थोडा जास्त कापावा लागतो आणि त्याच गुंडाळीतून तीनच निघतात. घराचे कोपरे क्वचितच सरळ असतात, म्हणून पहिला पट्टा कोपऱ्याच्या भरवशावर न लावता गवंड्याप्रमाणे ओळंबा सोडून लावतात. तो तिरका गेला की पुढचे सगळे तिरके. खळ लागली की कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आकसतो. एक पट्टा दोन मिनिटे भिजला आणि दुसरा पाच, तर जुळलेली फुले वाळल्यावर फटकून बसतात. डकवताना ब्रशचा हात मधून कडेकडे फिरवायचा, नाहीतर हवेचे फुगे राहतात.

कथेतली बाई रात्रीच्या रात्री जागून हेच वाचत असते. तिच्या रोजनिशीत नक्षीच्या नियमांची शिस्तशीर परिभाषा आहे : एका केंद्रातून फाकणे, आलटून पालटून येणे, पुनरावृत्ती, समतोल. यांतला एकही नियम या कागदात तिला सापडत नाही. ती एकेक पट्टा सुटा करून पाहते, तिरकस रेषांनी पाहते, छताखालची आडवी पट्टी कशी घातली आहे ते पाहते. हे भ्रमिष्टाचे बरळणे म्हणून शिकवले जाते. आम्हाला तो कथेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण तिथे एक शिकलेली बाई तिला एकमेव मिळालेल्या मजकुराचे बारकाईने वाचन करते आहे. नक्षीचा माग काढत तिला कुठल्यातरी शेवटाला पोचायचे असते. पण यंत्रावर छापलेल्या कागदाला शेवट नसतो. रुळाचा जेवढा घेर तेवढी नक्षी, आणि रूळ फिरत राहील तोवर तीच नक्षी. हस्तकलेच्या नक्षीत कारागिराचा हात कुठेतरी थकतो, चुकतो, वळतो, आणि वाचणाऱ्याला तिथे धरायला जागा मिळते. इथे ती जागा नाही. ‘घरकामाची एकसुरी पुनरावृत्ती’ वगैरे जे प्रतीकार्थ नंतर सांगितले जातात, ते या रुळावरून जाऊन सांगितले तर त्यांना वजन येते.

मग वासाची गोष्ट. दमट हवेत त्या खोलीला पिवळा वास येतो असे ती लिहिते, आणि वासाला रंग दिला म्हणून आपण तिथे इंद्रियसंकराचा अलंकार दाखवून पुढे जातो. पुस्तके बांधणाऱ्याला किंवा पतंग करणाऱ्याला विचारले तर तो सांगेल की पिठाची खळ ओल धरली की आंबते. मग त्या काळच्या कागदातले विषही होते. शेले यांनी १७७० च्या दशकात शोधलेला हिरवा रंग आर्सेनिकचा होता आणि तो भिंतींच्या कागदात मुबलक वापरला गेला. मिशिगनमधील डॉक्टर रॉबर्ट केडझी यांनी १८७४ मध्ये अशा विषारी कागदांचे खरेखुरे तुकडे बांधून ‘शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ’ या नावाच्या १०० प्रती त्या राज्यातील ग्रंथालयांना धाडल्या. वाचकाला सावध करणारे पुस्तक स्वतःच हाताळण्यास घातक! पुढे १८९० च्या दशकात इटलीच्या गोझिओ यांनी दाखवले की ओल्या खळीवर वाढणारी बुरशी अशा रंगातून लसणासारख्या वासाचा विषारी वायू सोडते.

इथे मात्र थांबायला हवे. ‘म्हणजे बाईला विषबाधा झाली होती तर!’ असे म्हणून वही मिटणारा वाचक आणि ‘म्हणजे पितृसत्ता’ म्हणून वही मिटणारा वाचक, दोघेही सारखेच घाईत असतात. कथेतला कागद पिवळा आहे आणि त्यात आर्सेनिक आहे असे ती कुठेही सांगत नाही. १८९२ चा वाचक अशा बातम्या ऐकून होता, त्यामुळे भिंतीवरच्या कागदाने माणूस आजारी पडतो हे वाक्य त्याच्यासाठी निव्वळ कल्पना नव्हते, इतकेच आपण म्हणू शकतो. आजारी बाईच्या तक्रारीत अर्थ असू शकतो ही शक्यता त्याच्यासाठी उघडी होती. जॉन डॉक्टर असूनही ती उघडून पाहत नाही.

कुणी म्हणेल, कथा कळण्यासाठी खळ, ओळंबा आणि गुंडाळ्यांचे हिशेब कशाला? उलट बाजूने विचार करून पाहावा. जात्यावरच्या ओव्यांचे भाषांतर वाचून एखाद्या परदेशी अभ्यासकाने ‘जाते म्हणजे कालचक्र’ असे लिहिले तर आपण त्याला चूक म्हणणार नाही, पण मनातल्या मनात हसू. जात्याचा खुंटा दोघी मिळून धरतात, पीठ जाड पडले की वैरण कमी घालतात, ओवीची लय त्या फेऱ्यावर चालते आणि दळण संपले की ओवी थांबते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या कालचक्राला आपण किती किंमत देऊ? परक्या वाचकाकडून आपण जी अपेक्षा करतो ती परक्या भिंतीसमोर उभे राहताना स्वतःकडून का करू नये, हे आम्हाला समजत नाही.

उरले काढणे. कागद काढण्याची रीत म्हणजे तो कोमट पाण्याने भिजवायचा, खळ सुटेपर्यंत धीर धरायचा आणि पात्याने पट्टा उचलायचा. जुन्या घरांत एकाखाली एक थर निघतात, आधी राहून गेलेल्या कुटुंबांच्या आवडीनिवडी उलट्या क्रमाने. कोरडा कागद नखांनी ओढला तर तो पट्ट्याने येत नाही, चिवटपणे तुकड्यांनी येतो. कथेच्या अखेरीस ती कोरडाच ओढते. खोलीतले सामान हलवलेले, पलंग जमिनीला ठोकलेला, त्यामुळे चढायला काही नाही. जमिनीवर उभे राहून हात पोचेल तिथवरच तिला सोलता येते. वरचा कागद भिंतीवर तसाच राहतो. खरे तर पहिल्याच नोंदींत तिने लिहून ठेवले आहे की ती आली तेव्हाच पलंगाच्या उशापाशी, तिचा हात पोचेल इतक्या अंतरावर, कागदाचे मोठाले तुकडे निघालेले होते, आणि समोरच्या बाजूलाही एके ठिकाणी अगदी खाली. इथे पूर्वी मुलांची खोली असावी आणि हे मुलांनीच केले असावे असे ती धरून चालते. ते कुणाच्या हातचे होते हे कथा सांगत नाही. पुढच्या वेळी वर्गात ही कथा घेताना आम्ही समीकरणाआधी हा प्रश्न फळ्यावर लिहिणार आहोत, आणि शेजारी तळहाताएवढा कागदाचा तुकडा खळीने डकवून तास संपेपर्यंत वाळू देणार आहोत.