चार ओळींत उरकलेला शोक

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी सव्वीस जणांना गोळ्या घातल्या. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते : डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचे एक. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या देवळाली कॅम्पमध्ये एका सभागृहात श्रद्धांजलीपर काव्यसंध्या भरली आणि तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. कवींची संख्या मोठी असल्यामुळे 'प्रत्येकी एकच चारोळी' असा नियम होता. एकामागून एक चारोळ्या वाचल्या जात होत्या आणि टाळ्याही पडत होत्या. (श्रद्धांजलीच्या सभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढे सांगण्याचे भानही मला, अध्यक्षाला, राहिले नाही. तो दोष माझाच.) मध्येच बहुल्याच्या बाजूने तोफांचा सराव सुरू झाला. देवळालीकरांना हा आवाज नवा नाही; आमच्या घरांच्या खिडक्या तो ऐकतच जुन्या झाल्या आहेत. परंतु त्या संध्याकाळी एक रसिक उठले आणि 'शब्द नीट ऐकू येत नाहीत' म्हणून त्यांनी सभागृहाची सर्व तावदाने ओढून घेतली.

या सभेत एका तरुणाने आपली चारोळी वाचण्यापूर्वी मोठ्या प्रांजळपणे सांगितले, की ती त्याला बातम्या चालू असताना, जाहिरातींच्या मध्यंतरात सुचली. त्याच्या प्रांजळपणाबद्दल मला आदरच आहे, कारण इतरांनी न सांगितलेली गोष्ट त्याने सांगून टाकली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रक्त दिसते, मन अस्वस्थ होते, हात काही करू शकत नाहीत. मग चार ओळी जुळतात, त्या भ्रमणध्वनीवरून शंभर जणांकडे जातात, शंभर जण हात जोडल्याचे चित्र परत पाठवतात आणि अस्वस्थता निवते. पुन्हा नवे रक्त दिसेपर्यंत ती निवलेलीच राहते. या निवण्यालाच माझा आक्षेप आहे. जी अस्वस्थता माणसाला उठवून कामाला लावणार होती, तिचाच चारोळीच्या रूपाने परस्पर निकाल लागतो.

लघुरूपाशी माझे भांडण नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ओवी चार चरणांचीच असते. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'ने चारोळी घराघरांत नेली, पाडगावकरांची वात्रटिका आपल्याला हसवून गेली. या सर्वांचे ऋण मराठी वाचकाने मानलेच पाहिजे. चार ओळींत पुष्कळ मावते. प्रश्न आहे तो त्या चार ओळी कोणाच्या डोळ्यांनी लिहिल्या जातात, हा.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीपासून २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत सारा देश मुंबईकडे पाहत होता. त्या काळात आणि नंतरच्या वर्षभरात मराठीत जी लहानमोठी कविता लिहिली गेली, ती आठवून पाहा. ताजचा धुराने वेढलेला घुमट, त्यावरून उडालेली कबुतरे, खिडकीतून डोकावणाऱ्या ज्वाळा ही तिची ठरलेली सामग्री. असे का व्हावे? कारण कॅमेरे तेथे उभे होते. एकाच ठिकाणी सर्वाधिक माणसे मारली गेली ती छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, पन्नासहून अधिक. ती बाहेरगावच्या गाड्यांची वाट पाहत, वळकट्यांवर डोके टेकून बसलेली साधी माणसे होती. नाशिकरोडला आणि देवळालीला उतरणारा प्रवासी त्याच स्थानकात गाडीत बसतो; आपल्यापैकी प्रत्येकाने तेथे रात्री काढलेल्या आहेत. परंतु तेथील हत्याकांड थोड्या वेळात आटोपले आणि वाहिन्यांची वाहने पोहोचेपर्यंत मारेकरी पुढे निघून गेले होते. चित्र नाही, म्हणून कविता नाही! त्या स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून सूचना देत राहून प्रवाशांना बाहेर काढणारे उद्घोषक विष्णू झेंडे कोणत्या चारोळीत आले? कामा रुग्णालयात वीस गर्भवती स्त्रियांना एका लहानशा खोलीत लपवून वाचवणाऱ्या, पुढे न्यायालयात कसाबला ओळखणाऱ्या आणि २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे कोणाला सुचल्या? गिरगाव चौपाटीवर बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवत देहावर गोळ्या झेललेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव निदान प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांच्यावरच्या बऱ्याचशा कविता मात्र 'शूर शिपाई' एवढ्यावरच थांबतात. २०२१मध्ये ठाण्याच्या परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी 'तुकारामी' हे नाव दिले. कीटक-कोळ्यांचे अभ्यासक नाव विसरत नाहीत आणि शब्दांचे अभ्यासक विसरतात, याला काय म्हणावे!

त्याच तीन दिवसांतील आणखी एक गोष्ट. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपण थेट पाहिले आणि आपल्या अंगावर रोमांच उभे राहिले. तेच चित्र त्याच क्षणी पाकिस्तानात बसलेले लष्कर-ए-तोयबाचे सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२च्या निकालपत्रात कसाबची फाशी कायम करताना वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. या थेट प्रक्षेपणाने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात आणली आणि त्यामागे व्यापारी स्वार्थ होता, असाच त्यांचा आशय आहे. पुढे २०१५मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमानेच बंदी घालण्यात आली. वाहिन्यांना झापले गेले ते योग्यच झाले. पण त्या पडद्यासमोर बसून ते चित्र 'सामग्री' म्हणून उचलणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय? एकाच चित्राचा शत्रूने हेरगिरीसाठी उपयोग केला आणि आपण अलंकारासाठी. निकालपत्र सार्वजनिक आहे. ते वाचून एखादी कविता लिहिली गेल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता भाषेकडे वळू. कारण कवीचा अपराध शेवटी भाषेतच पकडावा लागतो. आमच्या काव्यसंध्येतील निम्म्याहून अधिक चारोळ्यांना कर्ताच नव्हता. रक्त सांडले, कुंकू पुसले, नंदनवन हुंदके देऊ लागले, माणुसकी मेली! मराठी व्याकरणात 'मरणे' अकर्मक आहे आणि 'मारणे' सकर्मक, हे आपण प्राथमिक शाळेत शिकतो. माणसे 'मेली' म्हटले की मारणारा वाक्यातून निसटतो. भूकंपात मेली काय, महापुरात मेली काय आणि धर्म विचारून, ओळख पटवून घेऊन घातलेल्या गोळ्यांनी मेली काय, सगळे सारखेच. तथाकथित पुरोगामी वर्तुळांनी गेली कित्येक वर्षे हेच वळण लावून ठेवले आहे. मारेकऱ्याचे नाव घेतले की कवी 'संकुचित' ठरतो, म्हणून हिंसा ही कोणीही न केलेली, आकाशातून पडलेली आपत्ती होऊन बसते. याने अन्याय केवळ मृतांवर होतो असेही नाही. बैसरनमध्ये घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह पर्यटकांना वाचवण्यासाठी पुढे झाला आणि त्यालाही ठार करण्यात आले. सव्वीसांपैकी तो एक. 'माणुसकी मेली' असे लिहिणाऱ्याने त्याचाही बळी अदृश्य केला. कोणी मारले आणि कोण आडवे आले, ही दोन्ही नावे घ्यायला सारखेच धैर्य लागते.

वाचकांपैकी काही जण एव्हाना समाधानाने मान डोलावत असतील, की मेणबत्तीवाल्यांना चांगले झोडपले. त्यांच्यासाठीही दोन शब्द आहेत. त्या संध्याकाळी उरलेल्या चारोळ्या आपल्याच मंडळींच्या होत्या. त्यांत कर्ता होता, कर्म होते, तलवारी होत्या, सिंहगर्जना होत्या. शत्रूची राजधानी दुसऱ्या ओळीत पडत होती आणि चौथ्या ओळीत भगवा फडकत होता. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' झाल्यावर तर या वीररसाला पूरच आला. परंतु गर्जना करणारा आणि हुंदका देणारा दोघेही त्याच सोफ्यावर, त्याच पडद्यासमोर बसलेले आहेत. एकाची चारोळी ओली आहे आणि दुसऱ्याची पेटलेली. किंमत दोघांनीही शून्य मोजलेली आहे. ज्या गावात तोफखान्याचे अधिकारी आणि जवान घडतात, जेथे शेजारच्या बंगल्यातले कुटुंब अचानक सामान बांधून सीमेवरच्या ठाण्यावर जाते, तेथे तरी आपण असल्या फुकटच्या युद्धाची लाज बाळगायला हवी होती. तावदाने ओढून घेणारे ते रसिक आपल्याच विचारांचे होते, हेही लिहून ठेवतो.

देवळालीपासून भगूर हाकेच्या अंतरावर आहे. चापेकर बंधूंना १८९८-९९मध्ये फाशी झाल्याची वार्ता तेथे पोहोचली, ती वृत्तपत्रांतून. पंधरा-सोळा वर्षांच्या विनायक सावरकरांसाठीही तो दूरचा, पाहणे अशक्य असलेला आणि बातमीतूनच कळलेला रक्तपात होता. म्हणजे आजच्या प्रेक्षकाहून त्यांची स्थिती फार वेगळी नव्हती. त्यांनीही कविताच लिहिली, चापेकरांवरचा फटका. परंतु त्याबरोबर घरातील अष्टभुजा देवीपुढे शपथ घेतली आणि उरलेले आयुष्य त्या शपथेला बांधले गेले. पुढे नाशिकला तिळभांडेश्वराच्या गल्लीत पायांनी अधू असलेले आबा दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, त्यांना भेटले. चालता न येणाऱ्या त्या कवीची कवने मेळ्यांतून गावभर चालली. ती कवने 'लघु अभिनव भारत माला' या छोट्याशा पुस्तिकेतून प्रकाशित केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. खंडपीठावर मराठी जाणणारे न्यायमूर्ती नारायण चंदावरकर होते. देवादिकांच्या आणि शिवछत्रपतींच्या नावांआडून ही कवने प्रस्तुत सरकारविरुद्ध युद्धाचा उपदेश करतात, हे त्यांनी बरोबर ओळखले! एका परीने मराठी कवितेचे इतके नेमके रसग्रहण क्वचितच झाले असेल. बाबाराव १९२२मध्ये सुटले तेव्हा त्यांची प्रकृती पार खचलेली होती. मूठभर गीतांची किंमत तेरा वर्षे.

आणखी मागे जायचे तर नाशिकजवळची टाकळी आहे. समर्थ रामदासांनी तेथे बारा वर्षे तप केले आणि मग बारा वर्षे पायी देश पाहिला. 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' ही त्यांची प्रकरणेही छोटीच आहेत, परंतु त्यांतला दुष्काळ आणि लूट पायांखालून गेलेली आहे.

'मग आम्ही लिहूच नये काय? दुःख झाले तर व्यक्तही करू नये?' असा प्रश्न त्या सभेनंतर एका भगिनीने मला विचारला. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी प्रेत आले त्याने काहीही लिहावे, कसेही लिहावे. तेथे टीकाकाराने जोडे काढून उभे राहावे. आपल्यासारख्या दूरस्थांनी मात्र लिहिण्याआधी काहीतरी द्यावे. रक्तपेढीत जाऊन या. सुट्टीवर आलेल्या जवानाच्या घरी बसून या. निकालपत्राची चाळीस पाने वाचा. ११ जुलै २००६च्या लोकलगाड्यांतील स्फोटांवर त्या आठवड्यात आपण रकानेच्या रकाने कविता छापल्या होत्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली, म्हणजे एकोणीस वर्षांनंतर दीडशेहून अधिक मृतांचे मारेकरी कोण, हे पुन्हा अनिर्णित झाले. त्या दिवशी पडद्यावर आग नव्हती, धूर नव्हता, फक्त कागद होते. त्या संध्याकाळी माझ्या भ्रमणध्वनीवर एकही चारोळी आली नाही.

आमच्या काव्यसंध्येतील चारोळ्यांची पुस्तिका काढायचे घाटत आहे आणि प्रस्तावना मी लिहावी असा आग्रह आहे. मी संयोजकांना कळवले, की प्रत्येक कवीने आपल्या चारोळीखाली बैसरनच्या सव्वीसांपैकी एकाचे नाव, गाव आणि व्यवसाय स्वतः शोधून लिहावा. ज्याला ते सापडणार नाही त्याची चारोळी वगळावी. तेवढे झाले की प्रस्तावना देतो. संयोजकांचे म्हणणे असे पडले, की त्यामुळे पाने वाढतील.